गार झाल्यावरचा पराठा

चंदीगडच्या मराठी मंडळींची दर पावसाळ्यात एक सहल असे. त्या वर्षी सहलीची तारीख ठरवायला सगळे काकूंच्या क्वार्टरमध्ये जमले, तेव्हा काकूंनी चहाचे कप ठेवता ठेवता सांगून टाकलं की या खेपेला त्या पुऱ्या करणार नाहीत.

सहल म्हणजे काकूंच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. पस्तीस माणसांच्या पुऱ्या. त्यासाठी त्या पहाटे उठायच्या, दोन शेगड्या पेटवायच्या, आणि सहलीच्या ठिकाणी पोहोचल्यावर उभ्या राहून वाढायच्या. खाणं उरकलं की भांडी आवरायच्या. बसमध्ये परतताना खिडकीला डोकं टेकून झोपायच्या. मी दोन वर्षं ते पाहिलं होतं.

"मग नाश्ता काय?" कुणीतरी विचारलं.

"विकतचा आणा," काकू म्हणाल्या. "मला एकदा सतरंजीवर बसून खायचंय. दुसऱ्या कुणीतरी केलेलं."

काका, म्हणजे काकूंचे यजमान, केंद्र सरकारच्या एका हिशेबाच्या कचेरीत अधिकारी होते. त्यांना वाटलं की ही गंमत आहे. ते हसले, आणि काकू हसत नाहीत असं पाहून थांबले.

मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो होतो. तिथून मी म्हणालो, "काकू, इथले गुंडाळलेले पराठे चांगले असतात. मी शोधतो."

मी आपण होऊन बोललो, याचंच सगळ्यांना नवल वाटलं असावं. त्यात मीही आलो.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "शोध. पण ऐक. आपण खायला बसणार दहा वाजता. तव्यावरचा गरम पराठा कुणाचाही चांगला लागतो. मला दहा वाजता, गार झालेला, चांगला लागला पाहिजे. तसा मिळाला तर मी शेगडी पेटवणार नाही. नाहीतर पुऱ्या आहेतच माझ्या नशिबात."

मी जालन्याकडचा. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. भूगर्भशास्त्र शिकायला इतक्या लांब येण्याचं कारण एवढंच की आमच्या एका सरांनी फॉर्म आणून दिला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि नाही म्हणायचं कसं ते मला कळलं नाही. चंदीगड तेव्हा नवंच होतं. रस्ते रुंद, सरळ, आणि सेक्टरना नुसते आकडे. पत्ता विचारायची सोय छान होती, पण पोहोचल्यावर बोलायचं काय हा प्रश्न उरायचाच. काकूंच्या दारावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बाहेर बराच वेळ उभा होतो. घंटीचं बटण मी त्याआधी कधी दाबलेलं नव्हतं. ते एकदा दाबायचं की दोनदा, आणि किती वेळ, याचा विचार करत राहिलो. शेवटी काकूच कपडे वाळत घालायला बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, आत ये की. भाकरी खातोस का?"

ज्वारीचं पीठ त्या साताऱ्याहून पत्र्याच्या डब्यात भरून आणवायच्या. तेव्हापासून दर रविवारी माझी भाकरी तिथे ठरलेली. त्या मला बसवून वाढायच्या आणि स्वतः ओट्याशी उभ्या राहून खायच्या. आमच्या आईचंही तसंच होतं, त्यामुळे मला त्यात काही खटकलं नव्हतं. सतरंजीचं वाक्य ऐकल्यावर मात्र ते उभं राहणं मला दिसायला लागलं.

शोध मी दुसऱ्याच दिवशी सुरू केला. चंदीगडला तेव्हा सकाळी सकाळी हातगाड्या लागायच्या. तिथे त्यांना रेहडी म्हणत. बसचे कंडक्टर, बांधकामावरचे मजूर, लांबच्या खेड्यांतून सायकलने येणारे कचेऱ्यांतले शिपाई, या सगळ्यांना चालता चालता खायला काहीतरी लागे. "लपेट के दे दो," असं ते म्हणत. मग पराठ्यावर भाजी, अंड्याची भुर्जी, लोणच्याचा खार असं काहीबाही पसरून त्याची सुरळी करायची, वर्तमानपत्राच्या तुकड्यात अर्धी खोचायची आणि हातात द्यायची. एका हाताने सायकल, दुसऱ्या हाताने नाश्ता.

माझी पद्धत अशी. सकाळी सहा-साडेसहाला सायकल काढायची, एका रेहडीवरून दोन पराठे घ्यायचे. एक तिथेच गरम खायचा. दुसरा पिशवीत घालून वर्गात न्यायचा आणि बरोबर दहाला, दोन तासांमधल्या छोट्या सुट्टीत, खायचा. मग वहीत लिहायचं. वही फील्डवर्कची होती, खडकांच्या थरांच्या नोंदी करायची. दुसरी वही जवळ नव्हती. त्यामुळे एका पानावर शिवालिकच्या टेकड्यांतला वाळूचा दगड आणि समोरच्या पानावर सेक्टर सतराच्या बसस्टँडजवळचा बटाटा-पराठा, असं ते झालं. "थर तीन. मधला थर घसरतो. गार झाल्यावर कडा चिवट."

माझा खोलीतला जोडीदार रोपडकडचा सरदार होता. उंचापुरा, मोठ्याने हसणारा. त्याने एकदा ती वही उघडली आणि पलंगावर बसून वाचली.

"यार, तू एमएस्सी कर रहा है या हलवाई बन रहा है?"

मी सांगितलं की काकूंसाठी आहे.

"गरम पराठा ठंडा करके खाता है," तो म्हणाला. "पंजाब में इसके लिए जेल में डालते हैं." पण दुसऱ्या दिवशी त्यानेच मला तीन ठिकाणं सांगितली.

एकूण अकरा ठिकाणं झाली. बसस्टँडच्या पराठ्यातला बटाटा सुरळीच्या मागच्या टोकाने बाहेर पडायचा, माझ्या शर्टवर. सेक्टर बावीसमध्ये एक जण इतकं तूप लावायचा की दहा वाजेपर्यंत वर्तमानपत्रातली बातमी पराठ्यावर उमटायची. उलटी, पण वाचता येण्यासारखी. विद्यापीठाच्या मागच्या फाटकाजवळ अंड्याची भुर्जी भरून देणारा एक म्हातारा होता. त्याची सुरळी मला सगळ्यांत आवडली, अजूनही तिची चव तोंडात आहे. पण काकू अंडं खात नव्हत्या. ते पान मी लिहिलं आणि पुढे उलटलं. गरम असताना सगळेच छान लागायचे. दहा वाजता मात्र एकेकाचं पितळ उघडं पडायचं. कुणी चामड्यासारखा, कुणी आतून ओला लगदा.

तिसऱ्या आठवड्यात मी निराश व्हायला लागलो होतो. तेव्हा सरदार म्हणाला, "तळ्याच्या रस्त्यावर एक बीजी बसते. पण नऊच्या आत जा. नंतर ती तुला पाणीसुद्धा देणार नाही."

पंजाबीत आईला बीजी म्हणतात. त्या बाईंना सगळेच बीजी म्हणत. पांढरी सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, समोर मोठा तवा. शेजारी सून पीठ मळत होती. मी पराठा मागितला. बीजींनी तो भाजला, आणि हातात देण्याऐवजी वेताच्या एका उलट्या टोपलीवर पसरून ठेवला. मग दुसरा भाजायला घेतला. मला वाटलं मला विसरल्या. विचारायचा धीर होईना. मी उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "भूख लगी है तो बोलता क्यों नहीं?"

"आप लपेट के देंगी?"

"भाप निकलने दे. गरम लपेटूंगी तो अंदर पसीना आएगा."

मी तिथेच सायकलला टेकून वही काढली. अकरा ठिकाणच्या लगद्याचं कारण एका वाक्यात मिळालं होतं. सगळे जण तव्यावरून उचलून लगेच गुंडाळत होते, आणि वाफ आतच राहत होती. बीजी पराठा टोपलीवर निवू द्यायच्या, मग त्यावर लोणच्याचा मसाला बोटाने पुसायच्या आणि घट्ट सुरळी करायच्या. पीठ दह्यात मळलेलं असायचं. बटाटा नीट मळून घेतलेला, त्यात ओवा, कोथिंबीर आणि वाळवून भरडलेले डाळिंबाचे दाणे.

दहा वाजता मी तो पराठा प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून खाल्ला. मऊ होता. आंबट, तिखट, आणि कुठेही ओला नाही. मी वहीत फक्त "हाच" एवढं लिहिलं.

आता कांद्याचं सांगायला हवं. सहल श्रावणात होती. आमच्या घरी श्रावणात मटण बंद असे, कांद्याला मनाई नसे. काकूंकडे मात्र महिनाभर कांदा-लसूण घरात येत नसे, हे मी रविवारच्या भाकरीबरोबर शिकलो होतो. म्हणून बीजींना मी आठवणीने सांगितलं. साठ पराठे, रविवारी सकाळी, आणि सावन असल्यामुळे कांदा-लसूण नको.

"हमें भी पता है सावन में क्या खाते हैं," बीजी म्हणाल्या. "जब तक सावन है, प्याज नहीं पड़ेगा. किसके लिए ले जा रहा है इतने?"

"काकू हैं."

"माँ की बहन?"

"नहीं. ऐसे ही."

"ऐसे ही कोई साठ पराठे नहीं ले जाता," त्या म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मग त्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला, सहलीच्या वाटेवर, कालक्याच्या रस्त्यावर, पाणी आलं आणि सहल एक आठवडा पुढे गेली. मी सायकलने जाऊन बीजींना सांगितलं, या इतवारी नाही, पुढच्या इतवारी. त्यांनी मान हलवली. मधल्या दिवसांत राखी पौर्णिमा झाली. सरदाराच्या बहिणीने पाठवलेल्या राख्यांपैकी एक त्याने माझ्या मनगटाला बांधली, कारण त्याच्याकडे दोन जास्त होत्या. त्यापलीकडे मी त्या पौर्णिमेचा काही विचार केला नाही.

सहलीच्या दिवशी सकाळी मी बीजींकडून दोन टोपल्या घेतल्या. पराठे वर्तमानपत्रात दहा-दहाच्या गठ्ठ्यांत बांधलेले होते, वर पातळ फडकं. वाटेत लोणच्याचा वास येत होता. मी खुशीत होतो, सायकलवरून काहीतरी गुणगुणतही होतो. काकूंच्या क्वार्टरसमोर बस उभी होती. काकू रिकाम्या हाताने बाहेर आल्या, फक्त पर्स. अंगावरची नवी साडी मी कधी पाहिली नव्हती.

"शेगडी पेटवली नाही हं," त्या मला म्हणाल्या. "तुझ्या भरवशावर."

पिंजौरच्या बागेकडे बस निघाली. टोपल्या माझ्या सीटखाली होत्या. बसची दारं-खिडक्या पावसामुळे बंद. पंधरा मिनिटांनी लोणच्याच्या वासाखालून आणखी एक वास वर यायला लागला. मी खाली वाकलो. पुन्हा वाकलो. चौथ्यांदा वाकल्यावर शेजारच्या गृहस्थांनी विचारलं की पोटात दुखतंय का. मी हो म्हणालो.

बागेत पाऊस थांबलेला होता. कारंजी चालू होती. झाडाखाली सतरंज्या पसरल्या आणि काकू सगळ्यांच्या आधी जाऊन मधोमध मांडी घालून बसल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बसलीस? बरं वाटतंय ना तुला?"

"छान वाटतंय," काकू म्हणाल्या.

मी टोपल्या सतरंजीपाशी आणल्या, पण फडकं काढलं नाही. उभाच राहिलो.

"काकू, यात कांदा आहे."

"काय?"

"पराठ्यांत. मी नको म्हणून सांगितलं होतं. तरी आहे. मला बसमध्येच कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"धीर झाला नाही."

कुणीतरी गठ्ठा सोडला. आता वासाबद्दल शंकाच उरली नाही. अर्ध्या मंडळींना कांदा चालत होता, त्यांचे हात लगेच पुढे आले. पण श्रावण पाळणाऱ्या सात-आठ बायका होत्या आणि दोन म्हातारे गृहस्थ. ते नुसते बघत राहिले. एक जण म्हणाला, "माझ्याकडे स्टोव्ह आहे, चहासाठी आणलाय." दुसऱ्या घरातून रव्याची पिशवी निघाली, संध्याकाळच्या शिऱ्यासाठी आणलेली. आणि मग सगळ्यांची तोंडं, काही न ठरवता, काकूंकडे वळली.

काकूंनी गुडघ्यावर हात ठेवला. उठताना त्या नेहमी तसा ठेवायच्या.

"काकू, तुम्ही उठू नका," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच आला असावा, कारण पलीकडच्या सतरंजीवरच्या अनोळखी लोकांनीही वळून पाहिलं. "चूक माझी आहे. मी करतो."

"तुला उपमा येतो?"

"नाही."

काकूंचा हात गुडघ्यावरच होता. तेवढ्यात काकांनी चपला काढल्या, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "रवा कुठाय? आधी भाजायचा असतो ना?"

"मला विचारू नका," काकू म्हणाल्या, आणि गुडघ्यावरचा हात उचलून मांडीत घेतला.

नंतरच्या अर्ध्या तासात पिंजौरच्या बागेत केंद्र सरकारच्या तीन खात्यांच्या अधिकाऱ्यांनी आणि भूगर्भशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने मिळून उपमा केला. स्टोव्ह दोनदा भडकला. पाणी किती घालायचं यावर काकांचं आणि टपाल खात्यातल्या एका साहेबांचं चांगलंच वाजलं. काका अधूनमधून सतरंजीकडे बघून "अगं" म्हणायचे आणि काकू कारंज्याकडे बघायच्या. उपम्यात गुठळ्या झाल्या. काही गुठळ्यांमध्ये कोरडा रवा होता. माझ्या भाषेत सांगायचं तर तो वाळूत अडकलेल्या गोट्यांचा थर होता.

पहिली बशी मी काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, बसल्या बसल्या खाल्ली आणि पुन्हा बशी पुढे केली.

"गुठळ्या आहेत," मी म्हणालो.

"दिसतायत. वाढ."

खाता खाता त्यांनी मला समोर बसवलं आणि नीट विचारलं. बीजींना काय सांगितलं, कधी सांगितलं, सहल पुढे गेल्यावर काय सांगितलं. मी एकेक सांगत गेलो. मध्येच त्यांचा चमचा थांबला.

"अरे, राखी होऊन गेली की."

"हो. मंगळवारी."

"या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला अमावास्येला. त्या बाईंचा सावन राखीला संपला, आपला अजून पोळ्यापर्यंत आहे. तू म्हणालास सावन आहे तोवर कांदा नको. त्यांनी तेवढंच केलं."

राखी पौर्णिमा श्रावणाच्या मधोमध येते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. दुसऱ्या कुणासाठी ती शेवटची असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. सहल ठरल्या दिवशी झाली असती तर बीजींचा आणि आमचा श्रावण एकच असता.

"दिल्लीला असताना मी पण फसले होते," काकू म्हणाल्या. "तिथल्या कॅलेंडरवर भाद्रपद लागलेला बघून शेजारणीला हरतालिकेचं आमंत्रण द्यायला पंधरा दिवस आधीच जाऊन बसले. पराठा कसा आहे?"

मी म्हणालो की मी खाल्ला नाही.

"का? तुला कांदा चालतो."

काकूंनी स्वतःच्या हाताने एक सुरळी उचलून मला दिली. घड्याळात अकरा वाजत आले होते. पराठा मऊ होता. आत कांदा बारीक चिरलेला, थोडा परतलेला. खरं सांगायचं तर कांद्यामुळे तो आणखी चांगला झाला होता, पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकू होस्टेलच्या फाटकाशी आल्या. पायी. मी झोपेतून उठून खाली गेलो तर त्या उभ्या.

"श्रावण संपला," त्या म्हणाल्या. "चल. त्या बाई नऊपर्यंतच असतात ना?"

बीजींनी काकूंना खाटेवर बसवलं. मी घडलेली सगळी गोष्ट हिंदीत सांगितली. माझी हिंदी अडखळत होती, पण बीजींना समजली. त्या तव्यावरचं उलथनं हातात धरून काकूंकडे वळल्या.

"आपका सावन इतना लंबा?"

"तुमच्याइतकाच है," काकू आपल्या साताऱ्याच्या हिंदीत म्हणाल्या. "फक्त देर से आता है."

"गाड़ी की तरह," बीजी म्हणाल्या. आणि दोघी हसल्या.

पराठा भाजला, टोपलीवर पसरला, निवला, गुंडाळला. बीजींनी तो काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो वर्तमानपत्रासकट मांडीवर ठेवला.

"खाओ जी," बीजी म्हणाल्या.

"दस बजे."

बीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी अट समजावून सांगितली. बीजींनी सुनेला काहीतरी पंजाबीत सांगितलं, सून तोंडावर ओढणी घेऊन हसली. नऊला तवा उतरला. एरवी त्या वेळी बीजी सगळं आवरून घरी जात. त्या दिवशी त्या हात पुसून काकूंच्या शेजारी खाटेवर बसल्या. दोघी पाय सोडून गप्पा मारत होत्या. कुणाला किती मुलं, कुणाचं माहेर कुठलं, दही किती आंबट हवं. बीजींचं माहेर फाळणीच्या पलीकडे राहिलं होतं. काकूंनी त्यांना ज्वारी म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं. मला तासाला जायचं होतं. मी गेलो नाही, सायकल धरून उभा राहिलो.

दहाला काकूंनी कागद उलगडला. सावकाश खाल्लं, शेवटच्या टोकापर्यंत. बीजी शेजारी बसून रस्त्याकडे बघत होत्या, पण कान इकडे होते.

काकूंनी कागदाची घडी केली.

"मीठ किंचित कमी," त्या मला मराठीत म्हणाल्या. "ते यांना सांगू नकोस. आणि पुढच्या सहलीचे साठ आत्ताच सांगून ठेव."